घरगुती अंदाजपत्रक का कोसळते?

केंद्र सरकारचे अंदाजपत्रक २०१७ पासून १ फेब्रुवारीस मांडले जाते. त्या दिवशी आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात अर्थशास्त्र न शिकविणारेही अर्थशास्त्री होतात. राजकोषीय तूट किती असावी, २००३ च्या कायद्याने घालून दिलेली तीन टक्क्यांची मर्यादा कोणी किती वेळा ओलांडली, प्राप्तिकराच्या कोणत्या टप्प्यात कोणाचे किती वाचले, याची चर्चा दुपारच्या चहापर्यंत रंगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका चर्चेच्या ऐन भरात मी एक साधा प्रश्न विचारला. गेल्या महिन्यात आपल्या घरी किराणा किती रुपयांचा आला? कक्षात आम्ही नऊ जण होतो. दोघांनाच उत्तर देता आले आणि त्यांतल्या एक आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ लिपिक बाई होत्या, ज्या केवळ हजेरीपटावर सह्या घेण्यासाठी तेथे आल्या होत्या. देशाची तूट दशांशापर्यंत ठाऊक असणाऱ्यांना स्वतःच्या घरची तूट ठाऊक नसावी, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

इतरांकडे बोट दाखविण्याचा अधिकार मलाही फारसा नाही, हे आधीच सांगून टाकते. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीची रक्कम माझ्या हाती आली तेव्हा नोकरीत येऊन मला काही वर्षे झाली होती. त्या रकमेतून काय काय करायचे याचे बेत आम्ही दोघांनी पुष्कळ केले. दोन वर्षांनी ती रक्कम कोठे गेली हे सांगता येईना. चैन केली नव्हती, फसवणूक झाली नव्हती, मोठे आजारपणही आले नव्हते. पैसा नुसता विरघळला होता. मागणीची लवचिकता फळ्यावर काढून दाखविणाऱ्या बाईला आपल्या घरातला पैसा कोणत्या वाटेने गेला हे कळू नये, या शरमेपोटी आमच्या घरी वही सुरू झाली. पुढील विवेचन त्या वहीच्या आधारे आहे.

घरखर्चाची चौकशी हा अर्थशास्त्राच्या जुन्या विषयांपैकी एक. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून असे दाखविले की, उत्पन्न जसजसे वाढते तसतसा त्यातील अन्नावर खर्च होणारा हिस्सा कमी होत जातो. आपल्याकडे मुंबईच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये गिरणगावातील व इतर श्रमिक कुटुंबांच्या जमाखर्चाची मोठी पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. मिळकतीच्या निम्म्याहून अधिक भाग पोटासाठी जात होता, हे त्यात दिसले. पण मनावर ठसते ती दुसरी नोंद. पाहणीतील जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती आणि व्याजाचा नेहमीचा दर होता रुपयामागे दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. हातातोंडाची गाठ पडण्याची मारामार असलेल्या माणसाने ७५ टक्के व्याज भरायचे! आज हे वाचताना आपण हळहळतो. परंतु क्रेडिट कार्डाच्या थकलेल्या रकमेवर दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज भरणारा सुशिक्षित पगारदार आपल्या अवतीभवती आहे. तो सावकाराच्या पेढीवर गेलेला नाही, एवढाच त्याला दिलासा.

एंगेलचा नियम आपल्या देशातही खरा ठरला आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये शहरी कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा ४८ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३-२४ च्या पाहणीत तो ४० टक्क्यांच्या किंचित खाली आला. ग्रामीण भागात तो ५९ टक्क्यांवरून ४७ वर उतरला. ही प्रगतीच होय. परंतु तिचा एक परिणाम आपण लक्षात घेत नाही. आपल्या आयांचे सारे कसब स्वयंपाकघरात काटकसर करण्याचे होते, कारण खर्चाचा डोंगर तेथेच होता. आज तो डोंगर सरकून शिकवणी, औषधपाणी, प्रवास, घराचा हप्ता यांच्याकडे गेला आहे. आपली काटकसर मात्र अजून कोथिंबिरीच्या जुडीपाशीच घासाघीस करीत उभी आहे.

आता अंदाजपत्रक कोसळते ते कोठे, हे एका उदाहरणाने पाहू. आकडे काल्पनिक असले तरी माणसे ओळखीची आहेत. तालुक्याच्या गावी एक लिपिक आहे. पत्नी, दोन मुले आणि गावी आईवडील. सर्व कपाती जाऊन हाती ४६ हजार रुपये येतात. घराचा हप्ता १२,५००, किराणा ७,०००, दूध २,७००, भाजीपाला व फळे ३,५००, वीज, गॅस व पाणी २,८००, पेट्रोल २,५००, दूरध्वनी व इंटरनेट १,०००, मुलांच्या शिकवण्या ४,०००, औषधे १,५००, आईवडिलांना ३,०००. बेरीज ४०,५०० होते. शिल्लक साडेपाच हजार. गृहस्थ समाधानाने वही मिटतो आणि एवढ्या शिलकीच्या भरवशावर नव्या दूरचित्रवाणी संचाचा हप्ता सुरू करावयास हरकत नाही असे ठरवितो.

चूक येथेच झाली. कुटुंब महिन्याच्या हिशेबाने पगार घेते, पण वर्षाच्या हिशेबाने जगते. जूनमध्ये शाळेची फी, वह्यापुस्तके, गणवेश मिळून २८ हजार लागतात. विम्याचा हप्ता १८ हजारांचा असतो. दिवाळीला १५ हजार, लग्नकार्यांतील आहेर व प्रवास यांना १० हजार, गाडीचा विमा व दुरुस्तीला ६ हजार, मे महिन्यात गावी जाण्यायेण्याला ७ हजार आणि गणपती-गौरींसह इतर सणवारांना ६ हजार. या सर्वांची बेरीज ९० हजार होते. बाराने भागल्यास दरमहा साडेसात हजार. म्हणजे ज्या महिन्यात साडेपाच हजार शिल्लक दिसली, त्या महिन्यात वस्तुतः दोन हजारांची तूट होती. ती जूनपर्यंत दिसत नाही, एवढेच. जून आला की पतपेढीचा अर्ज भरला जातो किंवा कार्ड पुढे केले जाते आणि 'यंदा जरा ओढाताणीचे वर्ष आहे' असे म्हटले जाते. पुढच्या वर्षीही तेच म्हटले जाते. वर्षभराची ही चोवीस हजारांची तूट कार्डावर राहिली तर पहिल्याच महिन्याचे व्याज ८४० रुपये होते. या घरातल्या नऊ दिवसांच्या दुधाचे पैसे.

यातील एकही खर्च अनपेक्षित नाही, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. शाळा जूनमध्ये उघडते हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दिवाळी तर पंचांगात छापलेली असते. तरीही दरवर्षी ती आपल्या अंगावर कोसळल्यासारखी येते! म्हणून अंदाजपत्रक करावयाचे तर पहिले काम मासिक खर्च लिहिण्याचे नव्हे. बारा महिन्यांचा एक तक्ता आखून त्यात वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च आधी बसवावेत, त्यांचा बारावा हिस्सा पगार झाल्याच्या दिवशीच निराळ्या खात्यात टाकावा आणि मग उरलेल्या रकमेला आपला पगार समजावे. आमच्या उदाहरणातील लिपिकाचा खरा पगार ४६ हजार नव्हे. तो ३८,५०० आहे. त्यातून ४०,५०० चा खर्च भागत नाही, ही गोष्ट जितकी लवकर उघडी पडेल तितके बरे.

मग दोन हजार काढायचे कोठून? दुधाचा अर्धा लिटर कमी करावा, असे सुचविणारे शहाणे पुष्कळ भेटतात. माझा अनुभव असा की, दहा बाबींतून दोनदोनशे रुपये कापण्याचा निश्चय तीन आठवडे टिकतो, कारण तो रोज दहा वेळा पाळावा लागतो. एकाच मोठ्या बाबीचा एकदाच निर्णय केला तर तो पुन्हा पुन्हा पाळावा लागत नाही. दोन शिकवण्यांपैकी एक खरोखर आवश्यक आहे का? विम्याचा तो अठरा हजारांचा हप्ता संरक्षणासाठी आहे की कोणा नातेवाईक प्रतिनिधीच्या आग्रहाला बळी पडून घेतलेला? अशा प्रश्नांची उत्तरे अवघड असतात. त्यांत मुलाचे भवितव्य आणि मेव्हण्याचा रुसवा गुंतलेला असतो, म्हणूनच आपण ती टाळून कोथिंबिरीकडे वळतो.

आता अंदाजपत्रक पाळण्याविषयी. आमच्या आईच्या पिढीत यासाठी एक यंत्रणा होती. तिला कोणी यंत्रणा म्हणत नसे. पगाराच्या दिवशी नोटा घरी आल्या की त्यांच्या वाटण्या होत. दूधवाल्याचे पैसे एका पुडीत, भाड्याचे दुसऱ्या, वाण्याचे तिसऱ्या. आणि डाळीच्या डब्याच्या तळाशी कोणालाच न सांगितलेली एक पुरचुंडी. दुधाच्या पुडीतले पैसे सिनेमाला वापरायचे नाहीत, हा अलिखित कायदा होता. वास्तविक, अर्थशास्त्राच्या पुस्तकी तर्काप्रमाणे हा वेडेपणा. रुपया तो रुपया, त्याला पुडीचे नाव कसले? रिचर्ड थेलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये एक निबंध लिहून माणसे मनातल्या मनात अशी निरनिराळी खाती कशी ठेवतात आणि त्यांचा निर्णयांवर कसा परिणाम होतो याची मांडणी केली. त्यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षी वर्गात हा विषय शिकविताना मला डाळीचा डबा आठवत होता.

त्याच्या आदल्याच वर्षी, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, पाचशे व हजारांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या आणि घरोघरचे असे डबे उघडे पडले. अनेक घरांत पत्नीजवळ साठलेली रक्कम पतीला प्रथमच कळली. कोठे कौतुक झाले, कोठे भांडण. त्यावर विनोदही पुष्कळ झाले. परंतु बँकेतल्या रांगेत उभ्या राहिलेल्या त्या बायकांच्या दृष्टीने घडले ते असे की, अडीअडचणीसाठी कोणालाही न विचारता वापरता येईल असा त्यांचा एकमेव निधी खात्यावर गेला, पासबुकात छापला गेला आणि सर्वांच्या मालकीचा झाला. घरगुती अंदाजपत्रकाच्या इतिहासात या घटनेची नोंद व्हावयास हवी.

त्याच २०१६ साली 'यूपीआय' ही प्रणाली सुरू झाली. तिच्या सोयीबद्दल वाद नाही. भाजीवाल्या मावशींपासून रिक्षावाल्यापर्यंत साऱ्यांनी ती आपलीशी केली. पण पुड्या तिने नाहीशा केल्या. सगळा पगार एकाच खात्यात पडून असतो आणि वीस रुपयांचा चहा व वीस हजारांची फी एकाच बोटाने दिली जाते. पाचशेची नोट मोडताना जो क्षणभर जीव अडखळत असे, तो आता अडखळत नाही. उलटपक्षी, या प्रणालीने प्रत्येक पैशाची नोंद आपोआप ठेवली आहे, हा तिचा गुण आपण वापरीत नाही. महिन्याअखेरीस खात्याचा उतारा काढून तो पेन्सिलीने वाचावा. अर्धा तास लागतो. आमच्या घरी पहिल्यांदा असा उतारा वाचला तेव्हा घरपोच येणाऱ्या खाद्यपदार्थांवर महिन्याला तीन हजार एकशे रुपये गेलेले निघाले. आम्हा दोघांपैकी प्रत्येकाची अशी प्रामाणिक समजूत होती की, ते महिन्यातून एखाददुसऱ्या वेळेसच मागविले जाते.

पुड्या परत आणता येतात. पगाराचे एक खाते, वार्षिक खर्चाचे दुसरे आणि रोजच्या खर्चाचे तिसरे. फोनला जोडायचे ते फक्त तिसरे. पगार होताच पहिल्यातून दुसऱ्यात रक्कम आपोआप जावी अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. पगारदारांच्या सहकारी पतसंस्थांनी हे तत्त्व फार आधी ओळखले होते. वर्गणी पगारातूनच कापली जाते, हाती येतच नाही. म्हणून ती साठते. (त्याच संस्थेतून कर्ज काढून ती पुन्हा रिकामी करण्याची कलाही आपण साधली आहे, ते निराळे.) १९७४ साली केंद्र सरकारने महागाईला आवर घालण्यासाठी पगारदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा हिस्सा सक्तीने ठेवीत वळविला होता, पुढे तो व्याजासह हप्त्याहप्त्याने परत मिळाला. माझे वडील या सक्तीविषयी अखेरपर्यंत चिडून बोलत. आणि आमच्या घरातले शिवणयंत्र त्याच परत मिळालेल्या पैशांतून आले होते, हे आई दर वेळी त्यांना ऐकवीत असे.

हप्त्यावरच्या खरेदीविषयी एवढेच सांगते. 'बिनव्याजी हप्ते' अशी जाहिरात दिसली की, २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना काय बजावले होते ते आठवावे: शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, ते व्याज किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडविलेले असते.

अंदाजपत्रक मोडण्याचे आणखी एक कारण हिशेबाच्या वहीत सापडत नाही. ते करणारा एक आणि खर्च करणारे चौघे असतात. संसदेत अर्थमंत्र्याला मतदानाला सामोरे जावे लागते. घरात बहुधा एकजण आकडे ठरवितो आणि इतरांना ते महिन्याच्या विसाव्या तारखेस, 'आता पैसे नाहीत' या घोषणेच्या रूपाने कळतात. मग पुरवणी मागण्या सुरू होतात. मुलाची सहल, मुलीचे बूट, सासूबाईंचा चष्मा. या मागण्या गैरवाजवी नसतात. त्यांना आधी विचारलेले नसते, म्हणून त्या पुरवणी ठरतात. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी वही जेवणाच्या टेबलावर येते. मुलगी आठवीत असल्यापासून त्या बैठकीला बसते. विजेच्या बिलावरून तिने आपल्या वडिलांना विचारलेला पहिला प्रश्न वडिलांना अजून आठवतो. शिवाय घरातील प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावे थोडीशी रक्कम अशी ठेवली आहे की, तिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. डाळीच्या डब्याची ती जागा. ही सोय नसेल तर माणसे वहीत खोटे लिहू लागतात, आणि 'किरकोळ' ही बाब फुगत जाते.

नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या आम्हा शिक्षक-कर्मचाऱ्यांना तर हा विषय टाळताच येत नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नियुक्तांसाठी जुने निवृत्तिवेतन बंद होऊन अंशदानाची योजना आली. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी संपही झाला. योजनेच्या रूपांत बदल होत गेले. ती मागणी आपल्या जागी न्याय्य आहे असे मी मानते. परंतु वडिलांच्या पिढीचा जमाखर्च निवृत्तीच्या दिवशी संपत नसे, कारण पुढचे पान सरकार भरीत असे. आमचे पुढचे पान किती भरेल हे बाजारावरही अवलंबून आहे. म्हणून आमच्या तक्त्यात 'म्हातारपण' ही बाब घराच्या हप्त्याच्या खालोखाल यावयास हवी. ती बहुतेकांच्या तक्त्यात नाही.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. ज्याचे उत्पन्नच अपुरे आहे त्याला अंदाजपत्रक शिकविणे ही क्रूर चेष्टा नव्हे काय? आहे. वहीमुळे पगार वाढत नाही. शिक्षणसेवकाची योजना २००० साली तीन हजार रुपयांच्या मानधनावर सुरू झाली आणि प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सोळा हजार व्हावयास २०२३ उजाडावे लागले. मधल्या काळात त्या तरुणांना काटकसरीवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांची स्थिती त्याहून चमत्कारिक आहे. त्यांचे पैसे अनेकदा महिनोन्‌महिने येत नाहीत आणि आले की एकदम येतात.

आमच्या विभागात असे एक सहकारी आहेत. माझा घरखर्चावरचा तास त्यांनी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकला आणि बाहेर आल्यावर शांतपणे विचारले, "मॅडम, मी अंदाजपत्रक कोणत्या उत्पन्नाचे करू?" मला पटकन उत्तर देता आले नाही. पुढे कळले की, त्यांनी आपल्यापुरती एक रीत बसविली आहे. सकाळ-संध्याकाळच्या शिकवण्यांतून जे मिळते तेवढ्यातच घर चालवायचे, आणि महाविद्यालयाचे पैसे आले की त्यांचे बारा भाग करून पत्नीच्या टपाल खात्यात ठेवायचे. दर महिन्याला एकच भाग काढायचा, मागचा महिना कितीही अडला तरी पुढचा भाग आधी काढायचा नाही. माझ्या पाहण्यातले सर्वांत काटेकोर अंदाजपत्रक हेच. तीन वर्षे ते पाळले गेले आहे. यंदाचे पैसे अजून यावयाचे आहेत आणि मागच्या वर्षीच्या बारा भागांपैकी आता एक उरला आहे.